ठेव म्हणेपर्यंत

४ फेब्रुवारी

भावोजी जिंकणार असं दिसतंय! बैठकीत त्याने रंगीत तक्ता लावला आणि आमच्या फोन कंपनीच्या मोठ्या बाई मान हलवत राहिल्या. दर ठरवणाऱ्या खात्याचा साहेब तो — उठल्याबसल्या भाव वाढवतो म्हणून भावोजी. समोर अर्थात ‘सर’.

पूर्वेकडची लाइन रोज संध्याकाळी तुंबते. दिवे लागले की सगळं शहर एकदम फोनला बसतं, उरलेलं शहर सिनेमे बघतं, आणि सगळं त्या एकाच लाइनीतून जातं. आवाज तुटतात, शब्द गळतात. दर्जाचं खातं माझं, म्हणून शिव्याही माझ्या. भावोजीचा उपाय — संध्याकाळी लांबच्या कॉलला दुप्पट दर. “महाग झालं की गर्दी आपोआप हटते.” हटते ना! रोगापेक्षा इलाज भयंकर, तो असा.

मी म्हटलं, “माणसं घरीच संध्याकाळी येतात. मग बोलायचं कधी — भर दुपारी, कामावर?”

“ज्याला गरज आहे तो देईल,” भावोजी म्हणाला. हसून!

मोठ्या बाईंनी मला महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय. “लाइन मोकळी करून दाखव. नाही जमलं तर एक तारखेपासून नवा दर.” महिना कुठला, तर फेब्रुवारी — ज्याचे दिवस आधीच कुणीतरी कातरून नेलेत.

५ फेब्रुवारी

माझ्या जिभेला हाड नाही. पूर्वेकडे राहणाऱ्या आत्याला दरवाढीचं सांगून बसले. ती म्हणाली, “मग रविवारचा रविवार करीन हो. दादाला तूच सांग.”

दादा म्हणजे माझे आप्पा. त्यांना कसं सांगू? पक्षाघाताचा झटका आल्यापासून पाच महिने त्यांच्या तोंडून शब्द नाही. समजतं सगळं. चहात साखर कमी पडली तर कप दोन बोटं पुढे सरकवतात. वाचा तेवढी गेली. त्यांचा सगळा दिवस संध्याकाळच्या आत्याच्या फोनवर टांगलेला. पलंगाशेजारच्या फोनचं स्पीकरचं बटण ते स्वतःच डाव्या हाताने दाबतात, मला हात लावू देत नाहीत. आत्या शिवणकाम करते. कुणाची बाही तोकडी झाली, कोण गिऱ्हाईक भांडून गेलं, सगळं साग्रसंगीत सांगते. मग सांगण्यासारखं संपतं — आणि तरी फोन चालूच! ती तिकडे तुरपाई करत बसते, आप्पा इकडे डोळे मिटून पडतात. दोघं गप्प. कधीकधी अर्धा तास.

एकदा विचारलं होतं, “आत्या, ठेवत का नाहीस गं?”

“दादाने ‘ठेव आता’ म्हटल्याशिवाय मी आजवर कधी ठेवलाय?”

खरंच की. ही बोलायला लागली की थांबायची नाही, आणि शेवटी आप्पा खेकसायचे — “ठेव आता!” मी लहान होते तेव्हापासून हेच. आता म्हणणारा गप्प आहे, म्हणून ही ठेवत नाही. आप्पांना डोळा लागला की मीच हळूच बटण बंद करते.

आपण लावावा फोन, तर ती उचलणार नाही. “दादाला फोन मी करायचा.” दोघं एकाच माळेचे मणी.

८ फेब्रुवारी

वाटाड्याला कामाला जुंपलं. कुठली रहदारी कुठल्या लाइनीने जायची ते हा ठरवतो. आणि स्वतः? तीन वर्षांत माझ्या घरी दोनदा आला, दोन्ही वेळा वाट चुकून!

दक्षिणेकडून एक लांबची वाट आहे, बऱ्यापैकी रिकामी. फोनची बोलणी तिकडून वळवून पाहिली. फजिती! आवाज उशिरा पोचतो. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. “तू बोल” — “नाही, तू बोल” — “अगं बोल ना!” आमच्या चाचणीच्या फोनवर वाटाड्या आणि मी खरोखरचं भांडलो.

मग डोक्यात आलं — उलटं करू! बोलणं जवळच्या वाटेने, सिनेमे लांबच्या. सिनेमा तसाही थोडा साठवूनच दिसतो. दोन क्षण उशिरा आला म्हणून नायिका काही रुसून जात नाही. बोलणाऱ्याचं मात्र अर्ध्या क्षणात बिनसतं.

वाटाड्या म्हणाला, “बाई, हे आधी का नाही सुचलं?” मी म्हटलं, “तुला!”

१० फेब्रुवारी

चाललं! संध्याकाळची कोंडी निम्म्यावर!

१३ फेब्रुवारी

निम्म्यावर आली ती तिथेच अडून बसली. भावोजी लिफ्टमध्ये भेटला. “नव्या दराची पत्रकं छापायला टाकतोय. उगाच आयत्या वेळी धावपळ नको.” मी गोड हसले. दात दुखेपर्यंत गोड हसले.

१४ फेब्रुवारी

सुचलं, सुचलं, सुचलं!

आत्या बोलत होती, आप्पा ऐकत होते. मी दारात टॉवेलची घडी घालत उभी. एकदम लक्षात आलं — आप्पांच्या बाजूने तर काहीच जात नाहीये! तरी आमची यंत्रं तिथून येणारी शांतता बारीक बारीक तुकड्यांत बांधून, शिक्का मारून, पूर्वेकडे इमानेइतबारे पोचवतायत. आणि हे आप्पांचंच नाही. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतोच (नवरा-बायको सोडून). म्हणजे लाइनीत निम्मा माल म्हणजे निव्वळ गप्प बसणं!

शांतता पाठवायचीच नाही. कुणी बोललं तरच तुकडे जातील. यंत्रात सोय आहे, वर्षानुवर्षं बंद पडून आहे. उद्या वाटाड्याला धरते.

टॉवेल तसाच खांद्यावर टाकून मी आप्पांच्या गालाचा मुका घेतला. त्यांनी भुवया उंचावल्या — हिला काय झालं?

१७ फेब्रुवारी

आजपासून शांतता बंद! जोडीला आणखी एक शहाणपणा केला. लाइनीच्या तोंडाशी एक यंत्र आहे — ज्या कॉलमधून कुठल्याच बाजूने काही येत नाही तो मेला समजून तोडतं, म्हणजे जागा अडून राहत नाही. वाटाड्या त्याला यमदूत म्हणतो. हा यमदूत पाच मिनिटं वाट बघायचा. मी त्याला अर्ध्या मिनिटावर आणलं. कशाला हव्यात मेलेल्यांना पाच पाच मिनिटं?

१८ फेब्रुवारी

लाइन मोकळी! ऐन गर्दीच्या वेळीसुद्धा मोकळी! पडद्यावरची लाल रेघ खाली आली ती वर जायचं नावच घेईना. वाटाड्याने खुर्चीसकट गिरकी घेतली. मोठ्या बाईंचा निरोप — “वा!” त्यांच्याकडून ‘वा’ मिळालेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत.

भावोजी आला, पडदा बघितला. “हं,” म्हणाला आणि गेला. तो ‘हं’ मी जन्मभर जपणार आहे.

मी हुशार आहे. इथे तरी लिहायला काय हरकत आहे? मी फार हुशार आहे!

१९ फेब्रुवारी

आत्याचा फोन काल मध्येच कटला, आज पुन्हा. तिने परत लावला. परत कटला.

२० फेब्रुवारी

आजही तेच. तिसऱ्यांदा कटल्यावर आत्या माझ्या फोनवर मलाच फाडून खायला उठली — “मी ठेवलेला नाही हं! दादाला सांग, मी ठेवला नाही!”

सांगितलं. पण आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. न सांगता ठेवून दिला, असंच वाटलं असणार त्यांना. नंतर चहाचा कपही पुढे सरकवला नाही. फिका चहा तसाच प्यायले. मला फार वाईट वाटलं.

फोन बदलला, वायर बदलली. मग घोडं कुठे पेंड खातंय?

२१ फेब्रुवारी

घोडं माझ्याच हातची पेंड खातंय!

आत्या गप्प, तिकडून काही येत नाही. आप्पा गप्प, इकडून काही येत नाही. यमदूत मोजतो अर्धं मिनिट आणि — खटॅक. आधी शांततेचे तुकडे जात होते, म्हणून दोघं जिवंत होते. मी ते बंद केले आणि वर यमदूताला घाईही लावून दिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! माझा तर गोठाच रिकामा.

यमदूताला पुन्हा पाच मिनिटांवर नेलं. पण हे दोघं अर्धा अर्धा तास गप्प बसणारे. त्यांना पाच मिनिटं कुठली पुरायला?

२२ फेब्रुवारी

भावोजीच्या कानावर गेलंच. “कटू द्या की! न बोलता लाइन अडवून बसणारे ग्राहक हवेत कशाला?”

आप्पांचा विषय बैठकीत काढायचा नाही, हे मी ठरवलंय. घरचं दुखणं दाखवून जिंकायचं नाहीये मला. म्हणून तक्रारींचा ढीग उपसला. आणि निघाले ना! एक आई फोन पाळण्याजवळ ठेवून कामावरून बाळाचा श्वास ऐकते. एकजण दवाखान्यात झोपलेल्या बायकोजवळ फोन चालू ठेवून घरी जेवतो. एका बाईंनी तर स्वच्छ लिहिलंय — “आम्ही भांडून फुगून बसलो होतो, तुम्ही मध्येच फोन तोडलात, आता समेट कसा करायचा?” फुगलेलेही ग्राहकच!

मोठ्या बाई म्हणाल्या, “तुझी शांतता बंद ठेवली तर ही माणसं तुटतात. चालू केली तर लाइन तुंबते. एक काहीतरी निवड. सत्तावीसला निर्णय.”

निवडते! दोन्ही निवडते!

२४ फेब्रुवारी

वाटाड्याला विचारलं, “लहानपणी तुला गोष्ट कोण सांगायचं?” त्याला वाटलं, मला ताप चढला. म्हणाला, “आजोबा. पण मध्ये मध्ये ‘हूं’ म्हणावं लागायचं. नाही म्हटलं तर झोपला समजून थांबायचे.”

तेच! तेच हवंय! गप्प बसलेल्याने सगळी शांतता पाठवायची गरज नाही. मधूनमधून एक इवलासा तुकडा पाठवायचा — ‘हूं, मी आहे.’ भार जवळजवळ शून्य. यमदूताला कळतं, जीव आहे. आणि पलीकडच्या कानात मंद खरखर सोडायची, म्हणजे फोन मेल्यासारखा वाटत नाही. नाव ठेवलं ‘हुंकार’.

२६ फेब्रुवारी

हुंकार चालतो. प्रयोगशाळेत चालतो. उद्या बाईंसमोर.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा!

मोठ्या बाईंच्या खोलीतून फोन लावला तो पूर्वेकडच्या आमच्या केंद्रात, खऱ्या लाइनीवरून, दिवे लागायच्या वेळी. दोन्हीकडे सगळ्यांनी गप्प बसायचं. हाताची घडी, तोंडावर बोट! मोठ्या बाई, भावोजी, वाटाड्या, हिशेबाचे दोघं — सगळे मूग गिळून टेबलावरच्या त्या एका फोनकडे टक लावून. पाच मिनिटं उलटली. दहा. बारीक खरखर येत होती. कुणाचं तरी पोट गुरगुरलं आणि वाटाड्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. भिंतीवरच्या पडद्यावर लाल रेघ खालीच.

वीस मिनिटांनंतर भावोजीलाच राहवलं नाही. पुढे वाकून फोनला हळूच म्हणाला, “... आहात का?”

पलीकडून लगेच आवाज — “आहोत की सर!”

मोठ्या बाई खुर्चीत मागे रेलल्या. “या खोलीत एवढी चांगली बैठक आजवर झाली नव्हती,” म्हणाल्या. मग भावोजीकडे वळून, “पत्रकं रद्द.”

भावोजी हाडाचा भावोजीच. जाता जाता माझ्या कानाशी, “या हुंकाराचे वेगळे पैसे लावता येतील का हो?”

“नाही!” — मी आणि मोठ्या बाई, एकदम. लांबच्या वाटेवरच्या असतो तर एकमेकींच्या बोलण्यावर पाय दिला असता.

जिंकले! जिन्यावरून दोन दोन पायऱ्या टाकत उतरले, या वयात.

२८ फेब्रुवारी

सगळीकडे हुंकार चालू. संध्याकाळी आत्याचा फोन आला. बोलली, मग गप्प. कटला नाही. आप्पा आधी फोनकडे बघत राहिले, भुवया आवळून, आता कटेल मग कटेल. मग डोळे मिटले. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. आनंदाने, दुसरं काय.

१ मार्च

जुनाच दर. आत्याचा फोन. तिचं सांगून झालं, मग नेहमीसारखी खरखर. मला वाटलं आप्पांना झोप लागली. बटण बंद करायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला, फोनकडे तोंड नेलं. ओठ बराच वेळ नुसतेच हलले. मग घोगरं, पण स्वच्छ —

“ठेव.”

आणि आत्याने, जन्माची सवय, पटकन ठेवलासुद्धा!

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय तोच घंटी वाजली. आप्पांनी बटण दाबलं. आत्या तिकडून ओरडत होती, “दादा! परत म्हण!”