पाय धुतले त्या संध्याकाळपासून

पूर्णा,
बुधवार, दुपार

प्रिय मंजू,

सलाम. पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. पप्पांची साखर जरा वाढली होती, पण ती वाढणारच. चर्चच्या मंडळीत कुणाच्याही घरी गेले की शिऱ्याची बशी पुढे येते आणि 'नको' म्हणणं या माणसाला जन्मात जमलेलं नाही. ऊन असं तापलंय की दुपारी रेल्वे कॉलनीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तुझ्या खोलीत मी ज्वारीची पोती रचून ठेवली आहेत, म्हणजे तिथे कुणाला बसायला जागाच राहायला नको. असं का केलं ते पुढे सांगते. पत्र एकटीने वाच आणि वाचून झाल्यावर मला फोन करू नकोस.

पियुषबद्दल लिहायचं आहे. नाव वाचूनच पत्र मिटू नकोस, शेवटपर्यंत वाच. किशनरावांच्या त्या पोराने तुझी वाट कशी अडवली, तू नाही म्हणालीस म्हणून आपल्या फाटकासमोर तुझी स्कूटी कशी पेटवली आणि ती जळत असताना हातात काडेपेटी घेऊन कसा शांत उभा राहिला, हे तुला मी काय सांगायचं. त्यापायीच तर तू नाशिकच्या शाळेत नोकरी धरलीस आणि आम्ही तुझा पत्ता कुणाला कळू दिला नाही. पप्पांनी पोलिसातली तक्रार मागे घेतली तेव्हा मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ते म्हणाले, पोराचं आयुष्य बरबाद होईल. मी म्हटलं, आपलीही एक पोर आहे.

पण तुझे पप्पा तुला माहीत आहेत. आपला गॅसचा सिलिंडर चोरणारा सापडला, तर त्याच्या घरी रेग्युलेटर नेऊन देणारा माणूस हा. 'त्याच्याकडे रेग्युलेटर नव्हता गं,' म्हणे. मी कपाळाला हात लावला, पण खरं सांगते, मनातून अभिमानही वाटला. त्या चोराची बायको आज आपल्या चर्चमध्ये गाणी म्हणते आणि सगळ्यांत गोड म्हणते. यांचा चांगुलपणा खोटा नाही, मंजू. खोटा असता तर मी त्याचा केव्हाच निकाल लावला असता.

नाताळपासून पियुष उपासनेला यायला लागला. शेवटच्या बाकावर बसायचा, डोळे मिटून. किशनराव बिचारे टोपी हातात घेऊन पप्पांकडे आले, 'पास्टरसाहेब, पोरगं सुधरायलंय, तुमच्या पायाशी ऱ्हाऊ द्या,' म्हणाले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि भीती होती. ती भीती कुणाची, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, लेकाचीच.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीने, पप्पा दरवर्षी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचे पाय धुतात, तसे यंदाही धुतले. माझी पितळी परात, तांब्या, खांद्यावर टॉवेल. सगळ्यांचे झाल्यावर ते शेवटच्या बाकाकडे वळले आणि पियुषला हाताला धरून पुढे आणलं. त्याला खुर्चीवर बसवलं, स्वतः गुडघे टेकले, त्याचे पाय परातीत घेऊन चोळून धुतले, पुसले आणि पायांवर डोकं ठेवलं. चर्चमध्ये सगळे रडत होते. मलाही हुंदका आला, नाही म्हणत नाही. ज्याने आपल्या दारात आग लावली त्याच्या पायाशी वाकायला काळीज लागतं. मग मी पियुषकडे बघितलं. तो रडत नव्हता. तो हसत होता, मंजू, लग्नाच्या फोटोत नवरदेव हसतो तसा.

दुसऱ्या दिवशी शेजारची धुरपताबाई आली. आदल्या संध्याकाळी ती दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, 'पाळकीणबाई, आमाला न सांगताच लेकीचं जमवलं व्हय?' मी म्हटलं, काय बोलताय बाई? तर म्हणाली, 'अवो, सासऱ्यानं परातीत पाय धुतले. आता काय ऱ्हायलं? समदं गाव तेच म्हणायलंय.' तेव्हा कुठे मला उमगलं. आपण पिढ्यान्‌पिढ्या पाय धूत आलो, पण लग्नात मुलीचा बाप परातीत नवऱ्या मुलाचे पाय धुतो हे आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पियुषच्या आलं. त्याच दिवशी उपासना सुटल्यावर तो मला 'मामी' म्हणाला. आधी काकू म्हणायचा. जावई सासूला मामी म्हणतो, हे काय मला समजत नाही? मी तिथल्या तिथे सांगितलं, काकूच म्हण. तो म्हणाला, 'बरं मामी.'

तेव्हापासून तो रोज येतो. आवाज चढवत नाही, शिवी नाही, सिगारेट नाही. फाटकाला रंग दिला, हापसा दुरुस्त करून आणला, पप्पांच्या पथ्याचं जांभूळ कुठून कुठून शोधून आणतो. मंडळी म्हणते, प्रभूने चमत्कार केला. ओट्यावर बसून माझ्या हातचं जेवतो आणि जेवताना विचारतो, 'मंजुषा कधी यायलीय?' परवा कारल्याची भाजी केली होती, तर म्हणाला, हिला आवडते ना. हे त्याला कुणी सांगितलं? एकदा मी मागच्या दारी कपडे वाळत घालून आले, तर हा तुझ्या खोलीत तुझ्या पलंगावर बसलेला. त्याच दिवशी ज्वारीची पोती आत आली. भिंतीवरचा तुझा शाळेतला फोटो त्या आधीच गेला होता.

आता फोनचं. आमच्या दोघांत एकच मोबाईल, आणि तो कुणीही मागितला की पप्पा देतात. पियुष 'रिचार्ज करून देतो' म्हणून घेऊन बसला होता. त्यानंतरच्या आठवड्यात तू म्हणालीस की अनोळखी नंबरवरून फोन येतात आणि पलीकडून कुणी बोलत नाही. मी तुला तेव्हा म्हटलं, कंपनीवाले असतील. तो समोर ओट्यावर बसला होता गं, दुसरं काय म्हणणार होते?

पप्पांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, लोकांना बोलू दे, प्रभूने दगा देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले. मी म्हटलं, धुतले, पण आपली आई मात्र विश्वासू योहानाच्या हवाली केली. दुसरा गाल पुढे करायचा तो आपला असतो, लेकीचा नव्हे, हेही सुनावलं. ते म्हणाले, तू फार घाबरतेस, प्रार्थना कर. केली. देवाने मला अजून एकदाही सांगितलेलं नाही की घाबरू नकोस.

आता खरं कारण सांगते. उद्या-परवा पप्पा तुला फोन करतील आणि शनिवारी घरी ये म्हणतील. रविवारी सगळ्या मंडळीसमोर तू पियुषला क्षमा केल्याची साक्ष द्यावीस, असं त्यांनी ठरवलंय. त्यांच्या मनात फक्त प्रेम आहे. पण हे त्यांनी आधी पियुषला सांगितलं. त्याने नवे कपडे शिवायला टाकलेत आणि तुझा फोन लागो न लागो, शनिवारी गाडी घेऊन स्टेशनवर तुला घ्यायला येणार आहे. तू येऊ नकोस. हे पत्र धुरपताबाईचा जावई गोपाळ तुझ्या हातात देईल. तो रेल्वेत आहे, उद्या मनमाडला ड्युटी आहे, तिथून नाशिकला येईल. त्याच्यासमोरच फोनचा नंबर बंद कर आणि राहायची जागा बदल. क्षमा तुला करायची असेल तर नाशिकला बसून कर, देवाला तिथेही ऐकू येतं. शनिवारी प्लॅटफॉर्मवर मी जाणार आहे, एकटी. पप्पांना सांगणार नाही, ते येऊन पुन्हा त्याच्या पाया पडतील. गाडी येईल, तू उतरणार नाहीस, आणि मग त्या पोराला तोंडावर सांगणारं कुणीतरी तिथे हवं की पाय धुतले ते धुतले, पण पोरगी दिलेली नाही. त्याचा बाप त्याला भितो, मंडळी त्याला डोक्यावर घेते, खरं कुणीच सांगत नाही. खोट्या आशेवर त्याला रोज जेवू घालते आहे, ही काही माया नव्हे. माझ्यात जेवढं प्रेम आहे तेवढं घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहीन. ऐकून तो काय करेल ते मला माहीत नाही. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. शनिवारनंतर मी आजारी असल्याचा निरोप आला तरी येऊ नकोस. पप्पा रडून बोलावतील तरी येऊ नकोस. मंजू, माझ्या मातीलासुद्धा येऊ नकोस.

तुझीच,
आई