पाळकांचा मुका महिना

कसबा बावडा, कोल्हापूर
४ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,
शांतवनचा सा. सलाम. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझा आवाज तेवढा बसलाय. गळ्यात गाठी आल्यात. डॉक्टरांनी महिनाभर तोंड उघडायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं बजावलंय. गाठी विरल्या तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. आणि त्यानंतर आवाज पहिल्यासारखा येईल का, याचं उत्तर ते देत नाहीत. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून पत्राची जुनी सोय बरी.

स्नेहल खूश आहे. आमचं लग्न झाल्यापासून भाजीत मीठ कमी असल्याचं माझ्याकडून ऐकावं न लागलेला हा तिचा पहिलाच आठवडा.

काल चर्चमध्ये माझ्याऐवजी संदेश कॉलेजात शिकणाऱ्या तेजस्वीनं दिला. मोबाईलवर बघत बोलली, पण बोलली छान, आणि झटक्यात आटोपली. माझ्या संदेशात डुलक्या घेणारे सगळे टक्क जागे! आपले सेक्रेटरी विजयसिंह तर दारात सगळ्यांदेखत म्हणाले की पाळकसाहेब, हे असंच चालू द्या की, रस्सा गरम हाय तवर घर गाठता येतंय. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. आक्का, मोठमोठे उपदेशक, गीतं, प्रार्थना, सगळं आता लोकांच्या खिशातल्या मोबाईलवर आहे. माझ्यापाशी हा एक आवाज. तोच गेला तर मंडळीला माझं काय काम?

असो. तुझ्या नातवंडांना गोड पापा. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझा,
शांतवन

मलकापूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. शांतवनास,
आक्काचे अ. आ. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग चहा केला आणि पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा काळजी वाटली. तू लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायचास. आईनं किती उपाय केले. तिला जमलं नाही ते डॉक्टरांनी केलं म्हणायचं.

आता माझं ऐक. मी जन्मभर दवाखान्यात नर्स होते. दुखणाईत माणूस बरा होऊन घरी निघाला की सांगायचा, माझ्या उशाशी अमकी बसली होती. ती काय बोलली, ते एकानंही कधी सांगितलं नाही. तेव्हा घरात बसून स्नेहलच्या कामात लुडबुड करू नकोस. पाय चांगले आहेत ना? मग लोकांच्या घरी जा. ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आण्णा आहेत ना, पोरीनं जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केलं म्हणून चर्चला यायचेच थांबले, त्यांच्यापासून सुरुवात कर. बायको गेल्यापासून एकटे असतात म्हणालास.

आणि तांबड्या रश्श्याला हात लावू नकोस. लावतोयस, हे मला इथं बसून कळतंय.

स्नेहलला आशीर्वाद. माया आहे, म्हणूनच रागावते.

आक्का

कसबा बावडा
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,
सा. सलाम. वि. वि.

रस्सा सोडला. (पांढरा चालतो ना?)

आण्णांकडं गेलो. या दोन वर्षांत त्यांच्याकडं कितीदा गेलो असेन! दर खेपेला मी क्षमेवर बोलायचो, लांबलचक प्रार्थना करायचो. ते आमेन म्हणायचे आणि माझ्यामागं दार लावून घ्यायचे. यावेळी पाटीवर आवाज बंद असल्याचं लिहून दाखवलं आणि बसलो. त्यांनी चहा दिला. माझा कप रिकामा झाला तरी मी उठलो नाही. मग तेच बोलायला लागले. म्हणाले, पास्टर, तुमास्नी वाटतंय मी पोरीवर रागावलोय. राग कवाच गेला. पर तिला मीच बोललोय, तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाय म्हणून, आता कुठल्या तोंडानं जाऊ?

त्यांची स्वप्नाली चंदगडला असते. नवरा विश्वजित शेतकऱ्याच्या घरचा, काजूची बाग आहे. तिला मुलगी झाल्याचं आण्णांना कारखान्यातल्या एका जोडीदाराकडून कळलं. नातीचं नाव काय ठेवलंय ते बी ठावं न्हाय, एवढं म्हणाले आणि कप विसळायला आत गेले, ते लवकर बाहेरच येईनात.

केवढं बोलायचं होतं मला! पण पाटी लहान. तिच्यावर लिहिलं, गुरुवारी चंदगडची एसटी, मी येतो.

प्रार्थनेत आठवण ठेव, आणि रागावणं चालू ठेव.

तुझा,
शांतवन

कसबा बावडा
१६ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
सा. सलाम. वि. वि.

उशीर झाला, पण सांगायला पुष्कळ आहे.

एसटीत आण्णा मला पढवत होते की दारात गेल्यावर आधी तुमी बोला, देवाच्या माणसाचं ती ऐकंल. मी गळ्याकडं बोट दाखवलं. त्यांचा चेहरा असा उतरला, की हे गडहिंग्लजलाच उतरून माघारी फिरतात असं मला वाटलं.

स्वप्नाली दारात आली. बापाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं. मी नुसता उभा. आण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी एवढंच म्हणाले, पोरी, भूक लागलीया.

ती तोंड फिरवून आत गेली.  तेवढ्यात आतून भांड्यांचा आवाज आला. रडत रडत ताट वाढत होती. विश्वजितनं पाणी आणलं, पावणं, बसा की म्हणाला, आणि तान्ही पोर सरळ आण्णांच्या मांडीवर ठेवली. संयोगिता तिचं नाव. आण्णांनी ते इतक्यांदा म्हणून बघितलं की ताट निवलं.

डॉक्टरांनी तपासलं. गाठी बऱ्याच विरल्या आहेत, ऑपरेशन टळलं; फक्त थोडंच बोलायचं, तेही हळू. ही बातमी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्यावर खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. आभार नेमके कशाचे, ते मी विचारलं नाही.

काल आण्णा उपासनेला आले. मागोमाग स्वप्नाली, विश्वजित आणि बाळ. सगळ्या माना वळल्या. मला धास्ती होती विजयसिंहांची. स्वप्नालीच्या लग्नाच्या वेळी चर्चच्या पंचकमिटीत विरोधाचा सगळ्यात मोठा आवाज त्यांचा होता. ते उठले.  त्यांनी बाकावरची आपली माणसं सरकवली आणि म्हणाले, आण्णा, दारात नगं, बाळाला वारं लागंल, हिकडं बसा.

संदेश तेजस्वीलाच द्यायला लावला. शेवटी स्वप्नालीनं आशीर्वादासाठी बाळ पुढं आणलं. मी विश्वजितकडं बघितलं, तर तो म्हणाला, आशीर्वाद कुणाचाबी चालतोय की. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून मी तिचं नाव घेतलं. इतक्या दिवसांनी चर्चमध्ये निघालेला आवाज घोगरा आणि फाटका होता. पोरीनं दचकून असं भोकाड पसरलं, की सगळी मंडळी खो-खो हसत सुटली. आशीर्वाद मी त्या गोंगाटातच दिला. कुणाला ऐकू गेला असेल, देव जाणे. पण आण्णांचा आमेन मला स्पष्ट ऐकू आला.

नाताळला इकडंच ये. तुझ्या मायेवर जगणारा,

शांतवन