आई, हलू नकोस

ती. आक्का,

बसल्या जागेवरून नमस्कार. (उठून, वाकून घालायची सोय सध्या नाही. का, ते पुढे कळेल.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? मागच्या वेळी फोनवर बोलत तू होतीस, पण ऐकू जास्त तेच येत होते. इकडे आम्ही ठीक. पत्रास कारण काहीच नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणार. म्हणू नकोस, वाचत जा.

तुझ्या भाचीने कलेच्या कॉलेजात जायचं डोक्यात घेतलंय, हे तुला ठाऊक आहेच. उद्या तिला चित्रांची फाइल पाठवायचीय. फाइल पसंत पडली तर पोरगी घर सोडून परगावी जाणार, नाही पडली तर इथे बसून रडणार. मला यातलं एकही नकोय, त्यामुळे हल्ली माझा जीव थाऱ्यावर नाही. वॉर्डात सलाइन लावतानासुद्धा डोक्यात फाइलच. (सलाइन बरोबर लावलं, काळजी नसावी.)

फाइलीत आधी लागतं स्थिरचित्र. म्हणजे चार वस्तू मांडायच्या आणि त्यांना हात लावायचा नाही. तिने खिडकीशी पोचे आलेली किटली, दोन सफरचंदं आणि खाली एक चुरगळलेलं कापड असं मांडलं होतं. मी ड्यूटीवरून आले, पाहते तो हा पसारा, आणि पोरगी बाहेर. माझा हात गप्प बसतो होय? किटली घासून लख्ख केली, कापडाला इस्त्री मारून कोपऱ्याला कोपरा लावून वॉर्डातली घडी घातली, आणि सफरचंदं सुरकुतायला लागली होती म्हणून एक ह्यांना दिलं, एक मी खाल्लं. पोरगी आली ती दारातच मटकन खाली बसली. मग कळलं, की ती किटलीचा काळपटपणाच तर काढत होती. त्याला छटा म्हणतात. कापडाच्या चुण्याही म्हणे जीव ओतून निम्म्या उतरवल्या होत्या. आक्का, जन्मभर मी ज्याला मळ म्हणत आले त्याला हे लोक छटा म्हणतात, आणि वर त्याचे मार्क मिळतात. तिचा चेहरा बघून मला मात्र फार वाईट वाटलं. दुसरी दोन सफरचंदं आणून दिली, किटलीला काजळीही फासून पाहिली, पण ती गंमत परत आली नाही म्हणाली.

मग यथार्थदर्शन. जवळचं मोठं दिसतं, लांबचं बारीक, आणि रस्त्याच्या दोन्ही कडा शेवटी एका ठिपक्यात जाऊन मिळतात. आता हे शिकायला कॉलेज कशाला हवं? शेजारच्या जावेचे दोष डोंगराएवढे आणि परगावच्या नणंदेचे मोहरीएवढे, हे मला लग्नानंतर आठवड्यात कळलं होतं. पण पोटचं पोर लांब गेलं की तेही बारीक दिसतं का, यावर तिच्या पुस्तकात काही नाही. मी शोधलं.

शेवटचं राहिलं ते बैठं व्यक्तिचित्र. खरं माणूस समोर बसवून काढायचं. आधी ह्यांना बसवलं. बसण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही, पण बसले की डुलकी लागते आणि डुलकीत हनुवटी खाली येते. तिने ती खोडून खाली काढली, पुन्हा खोडून आणखी खाली काढली, आणि हनुवटी शर्टाच्या दुसऱ्या बटनाला टेकली तेव्हा नाद सोडला. मग मी. आणि माझ्या पायाला भिंगरी, तुला सांगायला नको. दूध बघायला उठले, दार वाजलं म्हणून उठले, तिच्या डोक्यामागे जळमट दिसलं म्हणून झाडू घेऊन उठले. कागदावर माझी तीन नाकं झाली. ती एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिल माझ्यावर रोखायची, तेव्हा मी तिला दटावलं, मोठ्या माणसांना डोळा काय मारतेस. तर ते माप घेणं होतं. (माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात म्हणे. मला पटेना. ह्यांना झोपेत टेपने मोजलं. आहेत.) शिवाय एका बाजूने दिवा लावून कागदावरच्या माझ्या अर्ध्या तोंडाला काळं फासलं, आणि म्हणते, आता तू जिवंत वाटतेस. पेशंटना 'हलू नका' म्हणण्यात माझा उभा जन्म गेला, आता पोरगी मला तेच म्हणते, तेही हुबेहूब माझ्याच आवाजात.

असो. भाऊजींना नमस्कार, गुडघ्यांना जपणे.

तुझी धाकटी

ता. क. आता खरं सांगते. हे पत्र पोरीने मला लिहायला बसवलंय. मांडीवर फळी दिली, कागद-पेन दिलं आणि म्हणाली, मावशीला सुचेल ते लिही, फक्त थांबू नकोस. एवढी मी बाळंतपणातसुद्धा एका जागी बसले नव्हते. चेहरा झाला म्हणते, हात राहिलेत. म्हणून हा ता. क.

दुसरा ता. क. ते कॉलेज तुमच्याच गावात आहे. वर मुद्दाम लिहिलं नव्हतं, लिहिलं की खरं होईल असं वाटत होतं. तुमची मागची खोली रिकामीच आहे ना? तिची खिडकी उत्तरेला आहे ना? चित्राला उत्तरेचा उजेड लागतो, तो दिवसभर फारसा बदलत नाही. तिथे तिला एक टेबल लावून दे, आणि त्यावर काहीही पडलेलं दिसलं तरी उचलू नकोस. पोरगी तोंडाने मागणार नाही, पण रात्री तिच्याजवळ घटकाभर बसत जा. तुला बसायला जमतं.

तिसरा ता. क. हातही झाले. 'झालं, ऊठ आता,' म्हणाली. मी म्हटलं, थांब, आक्काला एक महत्त्वाचं लिहायचं राहिलंय. राहिलेलं काही नाही, आक्का. तिलाही ते कळलं असावं, कारण ती समोरच बसलीय आणि तिने पेन्सिल परत उचललीय.