चव्वेचाळीस नंबरची राखी

अल हैल, मस्कत
२० जुलै २०२६

ती. दादास, रेखाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू सगळंच हसण्यावारी नेतोस, म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे हाताने लिहून पत्राचा फोटो पाठवतेय. अक्षराला नावं ठेवू नकोस. बाहेर ऊन आग ओकतंय आणि हॉलचा एसी रडतोय.

तुझ्या भाचीबद्दल लिहायचंय. अमेरिकन फुटबॉलचं वेड देविकाला तूच लावलंस. भाऊ नाही म्हणून तिने तिकडे अमेरिकेतल्या तुझ्या लाडक्या संघातल्या त्या चव्वेचाळीस नंबरच्या ब्रॅन्सनला भाऊ मानलं. दर वर्षी तुझ्या पाकिटातून त्याचीही राखी जाते आणि तू ती क्लबला पोचवतोस. मागे एकदा त्याने ती मनगटावर बांधून फोटो पाठवला. तो देवघराशेजारी मीच हौसेने लावला.

आता हा व्हिडिओ. हॉटेलच्या पॅसेजमध्ये तो बायकोला केसांना धरून फरफटत नेतोय. देविकाने पाहिला. मला वाटलं, रडेल. रडली नाही, दादा. दिवसभर फोनवर त्या बाईलाच नाही नाही ते लिहीत बसली होती. म्हणे नाटक करतेय, तिनेच चिडवलं असणार. माझी तेरा वर्षांची पोर! मी फोन काढून घेतला. तिच्या बाबांनी, शिरीषने, बरका गावची साइट सोडून घरी येऊन समजावलं. तर म्हणते, तुम्हाला गेमच कळत नाही. ती मामाचं ऐकेल. हे वाईट आहे एवढं तिला सांग, बास.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी रेखा


२७ जुलै

चि. रेखास, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर पार डॉक्टरी झालंय.

व्हिडिओ मीही पाहिला. वाईट वाटलं. पण बाई, अर्ध्या मिनिटाच्या फिल्मवरून माणूस ठरवू नये. आधी काय झालं ते कुणी पाहिलंय? क्लबने पहिले काही सामने त्याला बाहेर बसवलंय, म्हणजे शिक्षा झालीच. परवा सराव बघायला गेलो होतो. तो मैदानात आला आणि सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. मीही उठलो, खोटं कशाला बोलू?

देविकाशी बोललो. खेळ वेगळा, घरातलं वेगळं, असं सांगितलं. लगेच पटलं तिला, खूश झाली. आता तू विषय वाढवू नकोस.

तुझी वहिनी मात्र यंदा सामन्यांना येणार नाही म्हणते. स्टेडियमच्या पायऱ्यांनी गुडघे दुखतात म्हणे. इतकी वर्षं कधी दुखले नव्हते.

शिरीषरावांना नमस्कार. सगळे सुखात असा.

तुझा दादा


अल हैल
१० ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

हे पत्र राखीसोबत पाकिटातून येतंय.

तू छान समजावलंस. जर्सी आता अंगावरून उतरत नाही. देवघराशेजारचा फोटो मी काढून ठेवला, तिने परत लावला. पुन्हा काढायचा माझा धीर झाला नाही.

काल ती राख्या करायला बसली. अल खौदच्या शिंप्याकडून संघाच्या रंगांची, नारिंगी आणि राखाडी जरीची दोरी आणली होती. मी शेवटचं सांगून पाहिलं, की राखी जपणाऱ्याला बांधतात, असल्या माणसाला नाही. हात न थांबवता तिने विचारलं, मामाने मामीला मारलं तर तू मामाला राखी पाठवणं बंद करशील का?

दादा, मला हो म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, मामा तसं करणारच नाही. तू हात उचलणारा नाहीस हे मला ठाऊक आहे, पण तिने ते विचारलं नव्हतं. माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि गाठ मारली.

पाकिटात दोन्ही राख्या आहेत. त्याची क्लबला पोचव, नाहीतर ती मला माफ करणार नाही. तुझी राखी नेहमीसारखी माझ्या वतीने वहिनी बांधेल. तेव्हा तिच्या गुडघ्यांची एकदा नीट चौकशी कर.

दर वेळी शेवटी माझ्यावर माया ठेव असं मागते. या वेळी काय मागावं, मला कळत नाही.

तुझी रेखा