सैल चादर

४ मार्च
नवं काम, नवं घर, आणि खोलीच्या खिडकीत थेट झाडाचा शेंडा. आजवर पेशंटच्या घरी माझ्या वाट्याला जिन्याखालची जागा यायची. इथे काकांच्या खोलीत चक्क माझा वेगळा पलंग. काकांनी जन्मभर गाद्या शिवल्या. आता पार्किन्सन्समुळे हात इतका थरथरतो, की चमचा तोंडाशी येईपर्यंत रिकामा होतो. मग स्वतःच हसतात. त्यांची मुलगी, ताई, वरच्या मजल्यावर बसून नोकरी करतात. त्यांनी एकच बजावलं. बाबांना आपली आपण कूस बदलता येत नाही. हाक मारली की वळवायचं आणि चादर सैल ठेवायची.

६ मार्च
काका स्वप्नात जे करतात ते अंथरुणातही करतात. या आजारात असं होतं, डॉक्टर म्हणाले. काल पाहिलं. हात हवेत, नसलेल्या सुईने टाका घालतायत, दोरा ओढतायत. जागेपणी लाकूड झालेलं अंग झोपेत मोकळं, आणि हात जराही थरथरत नव्हता. मला कौतुकच वाटलं.

११ मार्च
वळवायला वाकले आणि त्यांचं कोपर माझ्या ओठावर बसलं. सकाळी त्यांना काही आठवेना. माझा सुजलेला ओठ पाहून काका रडले. दारावर आपटले, असं सांगितलं मी. पण आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. आता मलाही रडू येतं.

१३ मार्च
लिहायला लाज वाटते. काल त्यांच्याच गाद्या शिवायच्या सामानाच्या डब्यातलं दाभण घेतलं आणि ते झोपल्यावर त्यांची चादर दोन्हीकडून गादीला शिवून टाकली. मला झोप हवी होती, बाकी काही नाही. त्यांनी हाका मारल्या, "वळव गं, पोरी." ऐकलं मी. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ताई जिन्यात आल्या, तर मीच म्हटलं, झोपेत ओरडतायत, तुम्ही कशाला येता? मग मी छान झोपले.
सकाळी टाके उसवले. त्यांचे डोळे उघडेच होते.

१४ मार्च
आज शिवणार नव्हते.
शिवली. माझी मलाच किळस येते.

१६ मार्च
दाभण सापडत नाही. काका दिवसभर पेंगतायत. माझ्या चादरीच्या कोपऱ्याला एक टाका आहे. मी घातलेला नाही — इतका सरळ मला जमतच नाही.

१७ मार्च, दुपार
डोळा लागला होता. कूस बदलता येईना. वाटलं, अंग आखडलं —
चादर. डावीकडून खांद्यापर्यंत शिवलेली. उजवा हात मोकळा. वही उशाशी होती.
काका वाकलेत. डोळे मिटलेले. हात स्थिर —
काका, चुकले मी, म्हटलं. मग ओरडले. तेही झोपेतच ओरडायला लागले, "वळव गं, पोरी." माझ्याहून मोठ्याने.
ताईंची पावलं जिन्यात आली. थांबली.
परत गेली. मीच तर सांगितलं होतं —
आता उजवीकडे आलेत. मनगटापाशी टाका —
वळवा मला, कुणीतरी मला व