अंगाई

ता. ४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पोपट पोचल्याचा निरोप मिळाला. पोपट म्हणायचं आपलं सवयीनं. तिचे बाबा घर सोडून गेल्यापासून लेक माझ्याशी चकार शब्द बोलत नाही. गणवेशांची शिलाई अंगावर आलीय, नाहीतर मीच सोडायला आले असते. तुझ्याकडे मुली घोडे सांभाळतात, आपल्या आईच्या वेळचं खोगिराचं विणकाम शिकतात, हे सगळं छानच. पण त्यानं पंधरा वर्षांच्या पोरीचा राग जातो का, ते खरं सांग. तिचे काका तिला वसतिगृहात घालायचं म्हणताहेत. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तिनं मला दोन ओळी जरी लिहिल्या, तरी मी त्यांना नाही म्हणेन.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


ता. १२ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

राग जातो असं मी कधीच म्हटलं नाही. रागानं जवळ गेलं की घोडा निघून जातो, एवढंच. तुझी लेक घोड्यांना खरारा छान करते, त्यांची चंदी वेळेवर घालते आणि दोघींचं जेवते. बोलत माझ्याशीही नाही, तेव्हा एकटीनं वाईट वाटून घेऊ नकोस.

घोडं पेंड खातंय ते दुसरीकडेच. इथं घोडी आपण निवडायची नसते. फाटकाशी उभं राहून आपापली हाक द्यायची. येईल ती आपली. ही तोंडच उघडत नाही, तर घोडी येणार कशी? आईच्या हातची म्हातारी घोडी तर कुणालाच दाद देत नाही. तिला आईचीच गाऊन मारलेली हाक लागते, आणि माझी पहिल्या ओळीपुढं बोंब. तुला विचारून उपयोग नाही; आई दिवेलागणीला हाक मारायची तेव्हा तू अंथरुणात असायचीस.

तब्येतीला जप, आणि काकांना इतक्यात काही कळवू नकोस.

तुझी,
ताई


ता. २६ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

काल पोपट फाटकाशी उभी राहून कंटाळली आणि गुणगुणायला लागली. माझ्या हातातली बादलीच सुटली. आईची हाक, पहिल्यापासून शेवटपर्यंत! म्हातारी घोडी कुरणाच्या टोकावरून वय विसरून धावत आली. पोरीला विचारलं, तर म्हणाली, ही तर माझ्या आईची अंगाई.

अगं वेडाबाई, तू अंथरुणात पडून ऐकायचीस ते आई बाहेर घोड्यांना म्हणायची, घरी या म्हणून! आधी पोट धरून हसले, मग रडले. आता पोपट सगळ्या मुलींना ती शिकवतेय. मलासुद्धा, आणि चुकले की ओरडते.

सोबत तिची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. उत्तर धाडायला कंटाळू नकोस.

तुझी,
ताई


ती. आईस, शि. सा. न.

तू मला घोड्यांची हाक म्हणून झोपवायचीस! आणि वर सगळ्यांना सांगायचीस, गाणं सुरू केलं की ही कार्टी टक्क जागी होते. कळलं ना आता, का ते?

बाबा तुझ्यामुळे गेले, असं मी म्हणाले होते. अजूनही कधीकधी वाटतं. पण रोज नाही वाटत.

काकांना नाही म्हण. शनिवारी येतेय. मी गाडीतून उतरले की ती हाक मार, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. म्हातारीइतकी धावणार नाही, पण येईन.

तुझी,
पोपट