पोरींच्या बाजूचा मॉनिटर

जिंतूर, शुक्रवार

चि. सिद्रामप्पास,

भागम्माचा आशीर्वाद. (तू मोठा साहेब होऊन रिटायर झालास म्हणून थोरली बहीण आधी 'शरणार्थी' म्हणून हात जोडंल, अशी आशा धरू नको.) तुझी साखर कशी हाय? भावजय नागुबाईचा खोकला थांबला का? आमच्याकडं सगळे जिवंत हायेत, त्याच्यापुढं विचारू नको.

आप्पा, तू परभणीहून तो दुसरा मॉनिटर धाडलास आणि आमच्या घराची रया गेली. माझ्या नातीनं, महानंदानं, समोरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढलाय हे तुला ठाऊकच हाय. यंत्र एक, शिकणारे बारा. सात पोरं, पाच पोरी. पोरींचे बाप म्हणाले, आमच्या लेकी परक्या पोरांच्या खांद्यावरून एका काचेत बघणार न्हाईत. मग खोलीच्या मधोमध माझी सोलापुरी चादर टांगली, आणि एका यंत्राला दोन मॉनिटर जोडायची तजवीज झाली, इकडं पोरांचा, तिकडं पोरींचा. वेगळ्या वेळा लावाव्यात तर लाईट दुपारी दोनच तास. (वीज इथं येलदरीच्या धरणावर तयार होते म्हणं. कुणाच्या घरी नांदायला जाते, देव जाणे. माहेरी काही टिकत न्हाई.)

माझ्या लेकानं, शिवरुद्रानं, महानंदाला बजावलंय : सोमवारी पाचही पोरी क्लासात बसलेल्या दिसल्या तर ठीक, न्हाईतर खोलीला कुलूप आणि तू आणलेल्या उदगीरच्या स्थळाला होकार. त्या पोराला मी बघितलंय, आप्पा. पोहे खाताना त्याच्या आईनं त्याच्या बशीतल्या मिरच्या वेचून दिल्या. अठ्ठावीस वर्षांचा घोडा!

तर पहिल्याच दिवशी पोरांचा मॉनिटर उजळला आणि पोरींचा काळा ठिक्कर. पोरी त्याच्यात आपापल्या वेण्या बघत बसल्या. महानंदानं वायर काढली, घातली, पुन्हा काढली. मला वाटलं, याची पूजाच झालेली न्हाई. म्हणून पुढून विभूतीचे तीन पट्टे ओढले, आणि पाठीमागं बारीक भोकं होती त्यांच्यातबी चिमूटभर सोडली. (तिथं सोडायची नसते, हे आता कळलं. तुमा शिकलेल्यांच्या यंत्राला देवाचं काही सोसत न्हाई.)

मग तू पाठवलेला सूर्यभान मेकॅनिक आला. तोबी तिसऱ्या दिवशी, मधी बंद होता, एस.टी. नव्हती. आल्या आल्या त्यानं ब्रशनं विभूती झाडली आणि माझ्याकडं बघितलं. मी पान लावण्यात गुंग. त्यानं पेटी उघडली, आतली कार्डं उपसली, पुसली, बसवली. शेवटी कायतरी टाईप केलं, आणि पोरींचा मॉनिटर झळकला! पोरींनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात चादरीपलीकडून बोंब आली, "मॅडम, आमचं थांबलं!" पोरांचा जुन्याच अक्षरांवर थिजून बसलेला. पुन्हा टाईप केलं, पोरांचा चालू, पोरींचा थिजला. असं लाईट जाईपर्यंत चाललं. शेवटी घाम पुसत सूर्यभान म्हणाला, "आज्जी, हे यंत्र एका टायमाला एकाच मॉनिटरवर लिहितंय. दोन्हीकडं एकदम दिसायचं सामान वेगळं असतंय, मुंबईहून मागवावं लागंल. महिना जाईल."

"मग ही गोष्ट आमच्या आप्पाला आधी का न्हाई सांगितलीस?"

"त्यांनी विचारलंच न्हाई. वायर बघून ये म्हणाले."

दिनकरराव दारातून हे सगळं बघायले होते. त्यांची लेक क्लासात सगळ्यात हुशार. "म्हणजे पोरांचं उरलेलं आमच्या पोरींनी बघायचं?" असं म्हणून लेकीला घेऊन चालते झाले. तिच्यामागं आणखी दोघी गेल्या. आता दोनच उरल्या. महानंदा कालपासून जेवली न्हाई. तिचा बाप नुसता कॅलेंडरकडं बघतो. मलाबी पुढचं काही दिसंना झालंय, आप्पा. पोरीचं नशीब एका वायरीला टांगलं, आणि ती वायरबी धड निघाली न्हाई.

तुझी,
भागम्मा

ता.क. शनिवार दुपार. सूर्यभान संध्याकाळच्या गाडीनं निघायलाय, म्हणून पत्र त्याच्या हाती देते. तू धाडलेला मॉनिटरबी त्याच्याच डोक्यावर. सकाळी मी चादर उतरवली आणि दिनकररावांच्या घरी जाऊन सांगितलं, चादर वाऱ्यानं उडते, मी उडत न्हाई. आता मॉनिटर एकच. एका अंगाला पोरी, एका अंगाला पोरं, मधी मी, मांडीवर काठी. आज पाचही पोरी आल्या. शिवरुद्र दारात येऊन मोजून गेला. पण दोन तास बसणं माझे गुडघे मानत न्हाईत. तू रिकामाच हायस. येऊन दुपारचं माझ्या जागी बस. शिकलास तर फी घेणार न्हाई.

आणखी एक. उदगीरकरांना नकार गुरुवारीच टपालात पडलाय. तुझ्या नावानं. स्थळ तू आणलेलं, आणि मला सही येत न्हाई. अंगठ्यानं दिलेला नकार त्यांनी मनावर घेतला नसता. अक्षर महानंदाचं. (हे पत्रबी तीच लिहायलीय, आणि गालात हसायलीय.) ती मंडळी रागीट हायेत. सोमवारपर्यंत तुझ्या दारात येतील. म्हणून म्हणते, उद्याच्या पहिल्या गाडीनं निघ.